उपरणे आणि टाय

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील:
• गळ्यातील वस्त्राचा इतिहास थोडक्यात सांगणे.
• जुना ब्रिटिश टाय ओळखण्याच्या व जपण्याच्या रीती स्पष्ट करणे.
• पोशाख आणि स्वाभिमान यांच्या नात्याविषयी स्वतःचे मत मांडणे.

मूळ पाठ

तमिळनाडूतील तंजावूरपासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र आणि ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) यांचे बहुतेक आयुष्य याच गावी गेले. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती गातात. तेथे पुरुष कलावंतांच्या कमरेला वेष्टी आणि खांद्यावर अंगवस्त्र असते. मराठी माणसाला हे अंगवस्त्र परके वाटत नाही. ते त्याचे उपरणेच होय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावूरवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्यामुळे या प्रदेशात मराठी व तमिळ चालीरीती शेजारी शेजारी नांदल्या.

गळ्याभोवती वस्त्र घेण्याची रीत केवळ भारतातच आहे असे नाही. युरोपात तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात (१६१८–१६४८) क्रोएशियाचे सैनिक गळ्यात रुमाल बांधीत. फ्रान्समधील लोकांना तो आवडला. ‘क्रोएट’ या शब्दावरून त्याला ‘क्रॅव्हॅट’ हे नाव मिळाले. चौदाव्या लुईच्या दरबारात त्याला मान लाभला आणि पुढे तो इंग्लंडमध्येही रूढ झाला. भारतातील न्यायालयांत वकील आजही गळ्याशी जो पांढरा बँड लावतात, तो त्याच काळातील युरोपीय पोशाखाचा वारसा आहे.

त्यागराज तिरुवैयारुत कृती रचीत होते आणि दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी देशोदेशीचे ग्रंथ जमवीत होते, त्याच काळात लंडनमध्ये ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) हा गृहस्थ आपल्या क्रॅव्हॅटसाठी प्रसिद्ध होता. खळ घातलेले शुभ्र वस्त्र मनासारखे बसेपर्यंत तो ते पुनःपुन्हा बांधीत असे. राजपुत्राची मैत्री त्याला लाभली. पण ती टिकली नाही. कर्जापायी १८१६ मध्ये त्याने फ्रान्स गाठले आणि अखेर तेथेच विपन्नावस्थेत त्याचा मृत्यू झाला. गळ्यातील वस्त्राने त्याला कीर्ती दिली. आधार मात्र दिला नाही.

एकोणिसाव्या शतकात क्रॅव्हॅटपासून आजचा लांब टाय घडत गेला. शाळा, महाविद्यालये, क्रीडामंडळे व लष्करी पलटणी यांनी आपापल्या रंगांचे पट्टे ठरवले. त्यामुळे टाय ही ओळखीची खूण बनली. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी उरेब कापडाचे तीन तुकडे जोडून टाय शिवण्याची पद्धत रूढ केली. उरेब कापडाला थोडा ताण सहन होतो. म्हणून गाठ सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो.

जुन्या ब्रिटिश टायचा संग्रह करणारे लोक काही खुणा काळजीपूर्वक पाहतात. परंपरागत ब्रिटिश टायवरील पट्टे नेसणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे खाली उतरतात. अनेक अमेरिकी टायवर ते उलट दिशेने जातात. रुंदीवरूनही काळाचा अंदाज येतो. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी टाय अरुंद होते. दशक संपता संपता ते फारच रुंद झाले. पट्टीवर ‘टेरिलीन’ असे लिहिले असेल, तर तो टाय दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा नाही हे निश्चित. कारण या धाग्याचा शोधच १९४१ मध्ये लागला. टायच्या मागील शिवणीत शेवटी एक सैल दोरा सोडलेला आढळतो. तो कापू नये. ओढ बसल्यावर शिवण तुटू नये, यासाठी तो ठेवलेला असतो.

अशा टायवर पुष्कळदा कोयरी दिसते. इंग्रजीत या नक्षीला पेझ्ली म्हणतात. पेझ्ली हे स्कॉटलंडमधील विणकरांचे गाव. काश्मिरी शालींवरील कोयरीची नक्कल तेथील मागांवर झाली आणि नक्षीला त्या गावाचे नाव मिळाले. तमिळनाडूच्या रेशमी साड्यांवर हीच आकृती आंब्याच्या नावाने ओळखली जाते. विलायती म्हणून जपलेल्या वस्तूत आपल्याच देशाची नक्षी सापडावी, हा संग्रहाचा मोठा लाभ आहे.

कावेरीकाठच्या दमट हवेत रेशीम जपणे कष्टाचे असते. वापर झाल्यावर गाठ लगेच सोडावी. गाठीसह टाय टांगून ठेवू नये. सैल गुंडाळी करून तो स्वच्छ सुती कापडात ठेवावा. पाण्याने धुऊ नये, कारण आतील अस्तर आकसते. थेट उन्हात रंग विटतो आणि बंद पेटीत कसर लागते. म्हणून मधूनमधून सावलीत वारा द्यावा. जुने वस्त्र वापरले तरच त्याची सोय कळते. परंतु विरलेले वस्त्र केवळ पाहण्यासाठी राखावे.

आता एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. माणसाचा मान वस्त्रात असतो काय? सरफोजी राजांनी पाठवलेली संपत्ती त्यागराजांनी नाकारली, असे परंपरा सांगते. दारोदार भजन गात भिक्षा मागणाऱ्या या संताला साधे वस्त्र पुरेसे होते. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी कोट आणि टाय आवर्जून वापरला. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीही बंदी सोसावी लागली, त्या समाजातून आलेल्या बॅरिस्टरचा नीटनेटका पोशाख ही समतेची मागणी होती. तो पाहून असंख्य तरुणांना ताठ मानेने जगण्याचे बळ मिळाले. नागपूरजवळील चिचोली येथे बाबासाहेबांचे कपडे व नित्य वापरातील वस्तू जतन केल्या आहेत.

एकाने वैभव नाकारले, दुसऱ्याने नाकारलेला हक्क मिळवला. दोघांची वस्त्रे वेगळी, पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मर्जीसाठी ती धारण केली नव्हती. ब्रमेलचा मान इतरांच्या नजरेवर अवलंबून होता; ती फिरली आणि मानही गेला. खांद्यावर उपरणे असो की गळ्यात टाय, ते कोणत्या विचाराने घेतले यावरच त्याचे मोल ठरते.

पाठगत प्रश्न

१. ‘क्रॅव्हॅट’ हे नाव कशावरून पडले?
२. टाय उरेब कापडाचा का शिवतात?
३. त्यागराज व डॉ. आंबेडकर यांच्या पोशाखातील भेद आणि साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरातील एखादे जुने वस्त्र पाहा. ते कोणाचे, कोणत्या काळातील आणि कसे जपले आहे, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.