९४ फटके अडवले, म्हणून एक गोल कामी आला

व्हिडिओतला सामना आधी थोडक्यात बघू.

मे २०१८. अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे आइस हॉकीत एनएचएलच्या एक पायरी खालची लीग. प्लेऑफमध्ये लीहाय व्हॅली फँटम्स शार्लट चेकर्सच्या घरच्या मैदानात खेळत होते. ६० मिनिटांनंतर १-१ बरोबरी. प्लेऑफमध्ये शूटआऊट नसतं. गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांचे जादा डाव चालतात. मध्यरात्र उलटल्यावर, पाचव्या जादा डावात ॲलेक्स क्रुशेलनिस्कीने गोल केला आणि फँटम्स जिंकले. एकूण खेळ १४६ मिनिटं ४८ सेकंद!

टाळ्या गोल करणाऱ्याला मिळतात. पण गोलकीपर ॲलेक्स लायनने त्या रात्री ९४ फटके अडवले. जादा वेळेत एक जरी सुटला असता, तर खेळ तिथेच खल्लास.

आपल्या धंद्यात गोल म्हणजे मोठी ऑर्डर. ती कधी येईल, हे आपल्या हातात नाही. तोवर उधारी अडकते, मशीन बिघडतं, सीझन कोरडा जातो. हे फटके अडवते ती बाजूला ठेवलेली रोकड.

उदाहरण घ्या:
- भाडं ८,०००
- लाइटबिल २,०००
- कामगाराचा पगार १२,०००
- कर्जाचा हप्ता ६,०००

महिन्याचे झाले २८,०००. तीन महिन्यांचे ८४,०००. एकदम जमणार नाही. पण गल्ल्यातून रोज ३०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले, तर २८० दिवसांत जमतात. त्यातून नवा माल भरायचा नाही, हे पक्कं.

आजचा गृहपाठ: विक्री शून्य झाली तर तुम्ही किती महिने टिकाल? आकडा वहीत लिहा.