कारखान्यातील जोडपाटी

जोयडा तालुक्यात गणेशगुडीनजीक काळी नदीवर उभे असलेले सुपा धरण पाहताना प्रेक्षकाची दृष्टी त्या 101 मीटर उंचीच्या भिंतीवरच खिळते. ज्या गावाचे नाव धरणास मिळाले ते गाव जलाशयाखाली गेले व तालुक्याचे मुख्य ठाणे जोयड्यास आले, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु धरणाचा दरवाजा असो, वीजगृहातील यंत्र असो की आपल्या एखाद्या सभासदाची भातगिरणी असो, यंत्राच्या तारा नियंत्रणपेटीत जेथे येऊन मिळतात त्या जोडपाटीकडे सहसा कोणी पाहत नाही. कारागीर तिला टर्मिनल बोर्ड म्हणतात. आज तिचाच परिचय करून घेऊ.

उष्णता किंवा दाब किती, हे कळण्यासाठी निराळ्या पाट्या असतात. येथे प्रश्न एवढाच : होय की नाही? दरवाजा पूर्ण उघडला का? कोठी भरली का? हुंडी एक तर पटते, नाही तर परत जाते, तसेच हे. पेढीवरील टपालाप्रमाणे या कामाच्याही दोन बाजू, आवक आणि जावक. आवक बाजूस स्विच मिटला की बहुधा 24 व्होल्टचा प्रवाह येऊन एक चिमुकला दिवा उजळतो व समोरचा प्रकाशग्राही घटक आत वर्दी देतो. दोहोंमध्ये तार नाही, केवळ उजेड. म्हणून बाहेरच्या तारेवरील विजेचा झटका आतील नाजूक भागापर्यंत सहसा पोहोचत नाही. जावक बाजूस आतून आलेला क्षीण प्रवाह रिले ओढतो, रिले मोठ्या कॉन्टॅक्टरास चालना देतो, तेव्हा कोठे मोटर फिरते.

पूर्वी हा सारा निर्णय रिलेंनी भरलेली कपाटे करीत. 1968 साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने त्यांस पर्याय मागितला व पुढील वर्षी मोडिकॉन 084 हे नियंत्रक तयार झाले. कपाटे गेली, तारेस स्क्रू मात्र लागतच राहिला.

आमच्या परिचयाच्या एका गिरणीत भर पावसाळ्यात कोठी भरूनही भाताचा उद्वाहक चालतच राहिला व धान्य ओल्या जमिनीवर सांडले. स्विच उत्तम होता, मोटरही. दमट हवेने गंजलेल्या स्क्रूखालची एक तार सुटली होती, आणि जोडणी अशी की कोठी भरली तरच प्रवाह यावा. तार तुटली काय आणि कोठी रिकामी असली काय, यंत्रास दोन्ही सारखेच! दुरुस्ती अल्प खर्चात झाली. जोडणी उलटी केली : जागा आहे तोवर प्रवाह वाहावा, तो थांबताच उद्वाहक थांबावा. आता तार तुटली तर काम खोळंबते, माल वाया जात नाही. धरणाच्या दरवाजाची मोटर शेवटच्या टोकास थांबविणाऱ्या स्विचासही हाच न्याय लागू आहे. मनुष्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथील आपत्कालीन बटण मात्र केवळ या पाटीच्या भरवशावर सोडू नये. त्याने मोटरीचा प्रवाह थेट तोडला पाहिजे.

पाटी विकत घेताना आमचे व्यापारी बंधू प्रथम भाव विचारतात, आम्हीही तेच करीत आलो. तथापि जावकेच्या प्रत्येक ओळीस स्वतंत्र फ्यूज आहे काय, हे आधी पाहावे. नसल्यास एका तारेतील दोषाने सारी पाटी बंद पडते. तारेच्या टोकास दाबून बसविलेली टोपी व क्रमांकाचे कडे हवेच. त्या गिरणीत आता मृग लागण्यापूर्वी वीज बंद करून प्रत्येक स्क्रू तपासतात, आणि क्रमांकांची वही पेटीच्या दारातच टांगलेली असते.