फराळाची जाहिरात मोबाइलवर: खर्च नेमका किती?

घरी फराळ, मसाले, पापड-कुरडया करून विकणाऱ्यांना हल्ली जो भेटेल तो सांगतो, 'इन्स्टाग्रामवर टाका ना, फुकट असतं.' खातं उघडायला पैसे पडत नाहीत, इतपत ते खरं आहे. पण मग फोटो, रील, बूस्ट, 'सोशल मीडिया बघणारा मुलगा' अशा एकेक पायऱ्या चढत गेलं की चकलीपेक्षा चकलीच्या फोटोचाच खर्च वाढतो. पैसे कुठे घालावेत आणि हात कुठे आखडता घ्यावा, याचा हा अंदाज. सेवांचे दर महाराष्ट्रातल्या शहरांत साधारण जे ऐकायला मिळतात ते धरले आहेत. गाव आणि हंगाम पाहून त्यात कमीजास्त धरा.

सुरुवात इन्स्टाग्रामपासून नको, व्हॉट्सॲप बिझनेसपासून करा. खाण्याच्या वस्तूंची ऑर्डर आपल्याकडे शेवटी व्हॉट्सॲपवरच येते. हे ॲप २०१८ पासून भारतात आहे आणि फुकट आहे. त्याला घरच्या व्हॉट्सॲपपेक्षा वेगळा नंबर लागतो. घरात लँडलाइन असेल तर तोही चालतो, कारण पडताळणीचा कोड फोन करून सांगितला जातो. नाहीतर दुसरं सिम घ्या आणि त्याच्या रिचार्जचे महिन्याला दीड-दोनशे रुपये पहिला खर्च म्हणून वहीत लिहा. रिचार्ज चुकवू नका. नंबर बंद पडून दुसऱ्याच्या हाती गेला, तर गिऱ्हाईक तुमच्याऐवजी त्यालाच शेव मागेल!

या ॲपमध्ये ५०० वस्तूंपर्यंतचा कॅटलॉग लावता येतो. त्यात वजन आणि भाव दोन्ही लिहा. 'भावासाठी मेसेज करा' ही पद्धत दिसायला हुशारीची आहे, पण भाजणी किती रुपये किलो हे पन्नास जणांना पन्नास वेळा सांगण्यात दुपार जाते, आणि त्यातले निम्मे पुढे बोलत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पुड्यासोबत नंबर आणि क्यूआर कोड असलेलं कार्ड द्या. पाचशे कार्डं काही शे रुपयांत छापून होतात, आणि या साऱ्या प्रकरणात एवढ्या कमी पैशात एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल लावत असाल, तर त्या दिवसांत जमलेले नंबर ही तुमची खरी कमाई समजा. मात्र विचारून घ्या. न विचारता मेसेज पाठवले, लोकांनी ब्लॉक करून तक्रार केली, तर नंबरच बंद होऊ शकतो.

गुगलवरचं बिझनेस प्रोफाइलही फुकट आहे. 'पुरणपोळी जवळपास' असं शोधणाऱ्याला विकत घ्यायचीच असते, रील बघणाऱ्याला तसं काही नसतं. घरून काम करत असाल तर घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवता ते दाखवता येतं. 'तुमचं गुगल प्रोफाइल बंद होणार आहे, पाच हजार भरा' असे फोन येतात. या प्रोफाइलसाठी गुगल पैसे घेत नाही, त्यामुळे तो फोन ठेवून द्यायचा.

फोटोंसाठी फोन पुरतो. सकाळचा खिडकीतला उजेड, एक पांढरा पुठ्ठा आणि पितळी ताटली एवढी तयारी बस. ट्रायपॉड आणि रिंग लाइट मिळून हजार-दोन हजारांत येतात. रात्रीच वेळ मिळत असेल तरच घ्या. व्यावसायिक फोटोग्राफर अर्ध्या दिवसाचे तीन ते दहा हजार घेतो. पुड्यावर छापायला आणि कॅटलॉगला लावायला तो वर्षातून एकदा बोलावला तर पैसे वसूल होतात, दर महिन्याला नाही. शिवाय लोणच्याचा फार देखणा फोटो पाहून 'हे घरचंच ना?' असं विचारणारेही असतात. बरणीत मीठ-तेल पडतानाचा हलता, थोडा तिरका व्हिडिओ अशांना जास्त पटतो.

आता जाहिरात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्टखाली 'बूस्ट' असं बटण असतं आणि ते दाबायला फार सोपं ठेवलेलं आहे. रोज शंभर-दीडशे रुपयांतही जाहिरात सुरू होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे हजारांची जाहिरात ११८० रुपयांना पडते. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये तुमचा क्रमांक भरा, म्हणजे तो कर वळता करून घेता येतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर ते १८० तुमच्याच खिशातून जातात. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट करू नका. ॲपल तिथे वर ३० टक्के सेवाशुल्क लावू शकते, आणि तेच काम ब्राउझरमधून केलं तर हा भुर्दंड पडत नाही.

बूस्ट करताना 'जास्त लाइक' हा पर्याय निवडला तर लाइकच मिळतात. 'व्हॉट्सॲपवर मेसेज' हा पर्याय निवडा. संपूर्ण महाराष्ट्र निवडू नका. जिथवर तुमचा डबा पोचतो तेवढंच शहर किंवा नकाशावरचं तेवढंच वर्तुळ घ्या. डोंबिवलीतल्या उकडीच्या मोदकांची जाहिरात नांदेडमध्ये दिसून कुणाचंच पोट भरत नाही. टिकाऊ माल असेल, लाडू किंवा काळा मसाला, तर गोष्ट वेगळी. अमेरिका-आखातातल्या मराठी कुटुंबांना जाहिरात दाखवता येते, पण तिथला एकेक क्लिक इथल्यापेक्षा बराच महाग पडतो. कुरियर आणि तिथले आयातीचे नियम यांचा हिशेब बसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

खर्च परवडला की नाही हे ऑर्डरमागे मोजायचं. समजा, फराळाचा डबा ९०० रुपयांचा आहे. सामान, गॅस, मदतनीस बाईंची मजुरी, खोकं आणि पोचवणं जाऊन हातात २२० राहतात. जाहिरातीवर १५०० घातले, जीएसटी धरून १७७०. साठ जणांनी मेसेज केले, नऊ डबे गेले. म्हणजे डब्यामागे जाहिरातीचे सुमारे १९७ रुपये पडले आणि तुम्हाला २३ उरले. हा तोटा नाही, पण साठ जणांशी बोलण्याची तुमची मेहनत या २३ रुपयांत धरलेलीच नाही. त्या नवांपैकी चार जणांनी संक्रांतीला जाहिरातीशिवाय गुळपोळ्या मागवल्या, तर मात्र तोच खर्च स्वस्त ठरतो. म्हणून नवं गिऱ्हाईक कुठून आलं आणि परत आलं का, अशी दोन घरं वहीत आखून ठेवा. 'रीच' किती झाला ते वहीत लिहायची गरज नाही.

हंगामाचंही बघा. या जाहिरातींचा भाव लिलावासारखा ठरतो. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मोबाइल, कपडे, दागिने विकणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच पडद्यावर बोली लावत असतात, त्यामुळे तुमचेही दर चढतात. फराळाची जाहिरात गणपती उठले की लगेच सुरू करा, आगाऊ ऑर्डर घ्या आणि ऐन गर्दीत जाहिरात बंद ठेवा. नाहीतरी तेव्हा घाणा उतरत नसतो, नव्या ऑर्डरी घेऊन करणार काय?

यानंतर 'सांभाळायला' माणूस. स्वतंत्र काम करणारी मुलं-मुली महिन्याला साधारण आठ ते पंधरा हजार घेतात, एजन्सी त्याहून बरीच जास्त. यात जाहिरातीचे पैसे धरलेले नसतात, हे बहुतेकांना दुसऱ्या महिन्यात कळतं. रील एडिट करण्याचे सुटे दर तीनशेपासून दीड हजारापर्यंत ऐकायला मिळतात. वरच्या हिशेबातल्यासारखे डब्यामागे २२० सुटत असतील, तर दहा हजारांची फी भरून काढायलाच महिन्याला ४६ डबे जादा विकावे लागतात. महिन्याची उलाढाल लाखाच्या आत असेल तोवर माझं मत स्पष्ट आहे: मासिक पगारावर कुणी ठेवू नका. रीलपुरते सुटे पैसे द्या, आणि मेसेजला उत्तरं घरातल्यांनीच द्या. बेसनाच्या लाडवात तूप कुठलं, याचं उत्तर बाहेरचा मुलगा कसं देणार?

तरी नेमायचंच ठरवलं, तर पेज, इन्स्टाग्राम खातं, जाहिरात खातं आणि त्याला जोडलेला ईमेल-मोबाइल हे सगळं तुमच्या नावावर हवं. पासवर्ड देऊ नका. मेटा बिझनेस सूटमधून त्याच्या स्वतःच्या खात्याला परवानगी देता येते आणि काम संपलं की काढूनही घेता येते. करार सोडून जाताना पेजही सोबत नेलं, अशी भांडणं या धंद्यात नेहमीची आहेत. 'महिन्यात दहा हजार फॉलोअर' अशी हमी देणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. विकत आणलेले फॉलोअर चिवडा विकत घेत नाहीत.

निळ्या टिकेचंही वेड आहे. व्यवसायांसाठी मेटाची ही सशुल्क सेवा भारतात महिना ६३९ रुपयांपासून सुरू झाली होती. घरगुती उद्योगाला तिची गरज नाही. त्याऐवजी अन्न नोंदणीचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक पुड्यावर आणि प्रोफाइलवर ठळक लिहा. नोंदणी कायद्याने लागतेच, छोट्या उद्योगाला तिची सरकारी फी नाममात्र आहे आणि अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास त्या आकड्यावर जास्त बसतो.

फूड ब्लॉगरला बोलवाल तर आधी त्याच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचा. त्या तुमच्या शहरातल्या माणसांच्या आहेत का ते पाहा. फक्त फुकट डब्यावर येणाऱ्यांपासून एका रीलला पंधरा-वीस हजार मागणाऱ्यांपर्यंत सगळे या बाजारात आहेत. पैसे किंवा वस्तू दिली असेल तर रीलमध्ये ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम २०२१ पासून आहे. 'मधुमेह बरा करणारे लाडू' असले दावे त्याच्या किंवा तुमच्या तोंडून नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रीलला गाजलेलं सिनेमातलं गाणं लावणंही टाळा. धंद्यासाठी ते वापरायचा हक्क आपल्याकडे नसतो. मेटाच्या संग्रहात फुकट संगीत आहे, किंवा नुसता कढईचा आवाज ठेवा.

एक खर्च मात्र कुणी धरत नाही, तो फसवणुकीचा. मोठी ऑर्डर येते, समोरचा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, भावात घासाघीस करत नाही आणि 'आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणतो. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. 'कॉपीराइट भंग झाला आहे, खातं २४ तासांत बंद होईल' अशा मेसेजमधली लिंकही उघडू नका. तिथे पासवर्ड टाकला की खातं गेलं. दोन्ही व्हॉट्सॲपना आणि इन्स्टाग्रामला दुहेरी पडताळणी आजच लावा. पैसे गेलेच, तर बँकेत चकरा मारण्याआधी लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.