३.४ उत्तेजकप्रतिबंध आणि खेळाडूचे हक्क

उत्तेजकप्रतिबंधक नियम 'कठोर दायित्व' या तत्त्वावर आधारलेले आहेत. खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले की नियमभंग सिद्ध होतो. हेतू व निष्काळजीपणा यांचा विचार केवळ शिक्षा ठरवताना होतो.

पालघर जिल्ह्यातील विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन आढळले. ते खोकल्याच्या औषधातून अनवधानाने घेतले गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळाने स्वीकारला. तरीही त्याच्यावर ८ महिन्यांची बंदी आली. मुंबईचा मल्ल नरसिंग यादव याने २०१६ मध्ये आपल्याविरुद्ध घातपात झाल्याचे सांगितले. राष्ट्रीय संस्थेने त्यास निर्दोष ठरवले. परंतु जागतिक संस्थेच्या अपिलावर क्रीडा लवादाने ४ वर्षांची बंदी घातली.

यावरून लक्षात येईल की, आपली बाजू पुराव्यानिशी मांडण्याचा भार खेळाडूवरच पडतो. म्हणूनच 'ब' नमुन्याची तपासणी, सुनावणी, अपील आणि उपचारासाठी आवश्यक औषधाची सवलत मागणे, हे त्याचे हक्क महत्त्वाचे ठरतात. मात्र ज्या खेळाडूस ते ठाऊकच नाहीत, त्याच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे होत.

आपली प्रगती तपासा

१. 'कठोर दायित्व' म्हणजे काय?

२. वेवजीतील एखाद्या धावपटूस स्पर्धेपूर्वी खोकला झाला, तर औषध घेण्याआधी त्याने कोणती दक्षता घ्यावी? सकारण लिहा.