पाल्याचे पुढील शिक्षण आणि पालकांची जबाबदारी



"शिका" हा बाबासाहेबांचा संदेश आपल्या घराघरांत पोहोचला आहे. त्यामुळे बारावी झालेला आपलाच मुलगा "मला कॉलेजचा फॉर्म भरायचा नाही" असे म्हणू लागला, की तो आपल्याला समाजद्रोहच वाटतो. आम्हालाही तसेच वाटले होते. म्हणून हा अनुभव येथे मांडत आहोत.

२०२३ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. मुलाला ५८ टक्के गुण मिळाले. अर्जाची मुदत संपत आली, तरी चिरंजीव मोबाइल घेऊन पडलेले! बँकेतून घरी आलो की आमचे रोजचे प्रवचन ठरलेले : "बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले, तुला काय कमी आहे?" पंधरा दिवस हे चालले. एके रात्री त्याने ताट बाजूला सारले व म्हणाला, "पप्पा, तुम्ही बाबासाहेबांचे नाव घेता तेव्हा मला मी नालायक आहे असेच वाटते."

आम्ही निरुत्तर झालो. ज्या नावाने मुलाला बळ मिळायला हवे, त्या नावाची आम्ही छडी केली होती.

त्या रात्री आम्हाला रामजी सुभेदारांची आठवण झाली. परळच्या चाळीतील एका खोलीत भीमराव लवकर झोपत. रामजी जागे राहून त्यांना पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत आणि मगच स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी त्यांनी प्रसंगी लेकींचे दागिने गहाण ठेवले. आपण मुलांना भीमराव व्हायला सांगतो, परंतु स्वतः रामजी व्हायचे विसरतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रवचन बंद केले. मुलाच्या आईने तर कॉलेजचा विषयच काढला नाही, ती फक्त त्याच्याजवळ बसू लागली. चार दिवसांनी तो बोलला. वर्गातील मित्र हसत म्हणाला होता, "तुझे काय, तुला कमी मार्कांतही मिळेल." फॉर्ममधील जातीचा रकाना भरायचा नाही, म्हणून त्याला फॉर्मच नको होता. म्हणजे हा आळस नव्हता, अपमान होता.

असेच शब्द नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याकडून आम्हीही ऐकले होते. वीस वर्षे घरात कोणाला सांगितले नव्हते, ते त्या दिवशी मुलाला सांगितले. बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, हेही सांगितले. गुण ही माणसाची किंमत नव्हे. सवलत ही भीक नव्हे, तो घटनेने दिलेला हक्क आहे. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले, हे मुलांना माहीत असले पाहिजे.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) नकाराचे कारण आधी शोधावे. इंग्रजीची भीती, पैशाची चिंता, अपमान किंवा नावडती शाखा, यांपैकी काहीही असू शकते. मूल सतत गप्प राहत असेल, झोप-जेवण सुटले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२) शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. सम्यक वाचा घरापासून सुरू होते.

३) पदवी हा एकच मार्ग नव्हे. आय.टी.आय. आहे, पदविका आहे. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

४) जातीचा व उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. दाखल्यासाठी रजा टाकून मुलाबरोबर तहसील कचेरीत जाणे, हे आजचे रामजीपण आहे.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी मुलाने वाणिज्य शाखेचा फॉर्म स्वतः भरला. जातीच्या रकान्यापाशी तो थोडा थांबला, मग भरून पुढे गेला. पहिल्या वर्षी त्याचा एक विषय राहिला, तो नंतर सुटला. त्या वेळी मात्र आम्ही प्रवचन दिले नाही, रात्री त्याच्याबरोबर जागलो.

विद्यार्थी मित्रहो, मनात सलणारी गोष्ट आईवडिलांना सांगा. कदाचित तीच गोष्ट त्यांनीही वर्षानुवर्षे मनात दाबून ठेवलेली असेल.