आधी उष्णता, मग क्लच

मी डेट्रॉइटजवळच्या इप्सिलांटीत राहतो. इथल्या विलो रन कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात बी-24 बॉम्बर विमाने बनली आणि 1953 पासून 2010 पर्यंत जनरल मोटर्सचे हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बनत राहिले. तिथून निवृत्त झालेल्या जुन्याजाणत्या कामगारांनी मला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायला आणि बांधायला शिकवले. माझ्याकडे बहुतेक 1998 ते 2002 च्या कॅमारो येतात. 5.7 लिटरचे एलएस1 इंजिन आणि त्याच्या मागे 4एल60ई गिअरबॉक्स. हा 1982 मध्ये आलेल्या 700आर4 चा इलेक्ट्रॉनिक वारसदार. इंजिनाची ताकद वाढवली, की यात बहुधा सर्वांत आधी जळतो तो तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच, म्हणजे 'थ्री-फोर'. मग मालक विचारतो, "कोणता क्लच टाकू?" या प्रश्नाने मला जे शिकवले, ते क्रमाने सांगतो.

1. जळालेली प्लेट फेकण्याआधी वाचा.

सगळ्याच क्लच पॅकच्या प्लेट काळ्या पडल्या असतील, तर संशय ऑइलवर, पंपावर किंवा कूलिंगवर घ्यावा. थ्री-फोर जळाला आणि फॉरवर्ड क्लच ठणठणीत आहे, तर थ्री-फोरपर्यंत पोहोचणारे प्रेशर कुठे गळते ते शोधावे. इनपुट ड्रममधली चेकबॉलची कॅप्सूल, शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा, पिस्टनची सील हे मी न चुकता तपासतो. प्रेशर गळत असेल तर जगातला सर्वांत महाग क्लचही जळणारच, फक्त थोडा उशिरा. कारण सापडल्याशिवाय नवा पॅक बसवणे म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात घालणे.

2. गाडीचे काम आधी ठरवा.

रोज कामावर नेणारी आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर जाणारी गाडी वेगळी, फक्त पाव मैलाच्या शर्यतीसाठी बांधलेली वेगळी. हॉर्सपॉवरचा आकडा एकटा पुरत नाही. गाडीचे वजन, टायरची पकड, टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअर किती आरपीएमला बदलणार, हे सगळे विचारावे. टायर घसरतो तेव्हा इंजिनाचा जोर तिथे सुटतो. चिकट रेसिंग टायर बसवले, की तोच जोर क्लचवर येतो.

3. क्लचची ताकद हा गुणाकार आहे.

घर्षणाचा गुणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, पिस्टनचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या या चारांचा गुणाकार म्हणजे क्लच पेलू शकेल तो टॉर्क. त्रिज्या ड्रमने ठरवून दिलेली असते. दाब वाढवता येतो, पण पंप आणि सीलच्या मर्यादेत. म्हणून लोक प्लेट वाढवतात. सहा फ्रिक्शन प्लेटचे बारा पृष्ठभाग होतात, आठांचे सोळा. म्हणजे ताकद एक तृतीयांशाने वाढली. पण याच ड्रममध्ये फॉरवर्ड आणि ओव्हररन क्लचही राहतात, त्यामुळे पॅकला मिळणारी उंची ठरलेली आहे. प्लेट वाढवल्या की त्या पातळ कराव्या लागतात, आणि पातळ होण्याची किंमत स्टील प्लेट मोजते.

4. खरी परीक्षा स्टीलची.

फ्रिक्शन प्लेटवरचे अस्तर कागदी धाटणीचे असते. त्यातून उष्णता सहज जात नाही. ती जाते शेजारच्या स्टीलमध्ये. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गुणोत्तर 1.63 वरून 1.00 वर येते. 6,000 आरपीएमला गिअर पडला, तर इंजिनाला सुमारे 3,700 वर उतरावे लागते, आणि त्या वेळी सुटणारी बरीच ऊर्जा क्लच एका सेकंदाच्याही आत उष्णता म्हणून गिळतो. फिरत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून गिअर बदलण्याचा आरपीएम थोडा वाढवला तरी उष्णता पुष्कळ वाढते. पातळ स्टील ही उष्णता साठवू शकत नाही. त्यावर निळे डाग पडतात, ते वाकते, वाटीसारखे होते. शर्यतीच्या गाडीत मला जास्त प्लेटपेक्षा जाड, सपाट स्टील अधिक भरवशाचे वाटते. रेबेस्टॉसच्या झी-पॅकमध्ये प्रत्येक प्लेटच्या एकाच बाजूला अस्तर असते. त्यामुळे उष्णता सगळ्या प्लेटमध्ये वाटली जाते. मला पटतो तो त्यामागचा हा विचार.

5. रंगावर भाळू नका.

तपकिरी, निळा, लाल हे रंग कंपन्यांचे. दर्जाची पायरी ते सांगत नाहीत. चांगल्या प्रतीचा तपकिरी कागदी क्लच ऑइल शोषून ठेवतो, मऊ पकडतो आणि रस्त्यावरच्या गाडीत वर्षानुवर्षे टिकतो. अल्टोचा लाल रेड ईगल जोरात पकडतो, आणि तो बहुधा कोलीन स्टीलबरोबर, म्हणजे पृष्ठभाग कडक केलेल्या स्टीलबरोबर विकला जातो. अशा वेळी जोडी मोडू नये. केवलार किंवा ग्राफाइट मिसळलेले अस्तर जास्त उष्णता सोसते, पण गिअर पडल्याचा धक्का मालकाला रोज चालेल का, हे आधी विचारावे.

6. फटीला मान द्या.

पॅकमधल्या प्लेटची फट फार कमी ठेवली, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या असायला हव्या त्या प्लेट एकमेकींवर घासत राहतात आणि कामाला लागण्याआधीच तापतात. फार जास्त ठेवली, तर पिस्टनला लांब जावे लागते आणि इंजिन मध्येच रेस होते. 4एल60ईमध्ये तर जे ऑइल थ्री-फोर लावते तेच दुसऱ्या गिअरचा बँड सोडते, म्हणून वेळ चुकली की दोघांनाही मार बसतो. पॅकबरोबर आलेले माप प्रमाण मानून मी साधारण 30 ते 40 थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दरम्यान राहतो आणि फीलर गेजने तीन ठिकाणी तपासतो. प्लेट अर्धा तास तरी ऑइलमध्ये भिजवतो. ड्रम बंद केल्यावर हवेच्या दाबाने पिस्टन हलवून बघतो. त्याचा ठाम 'ठप' असा आवाज आल्याशिवाय पुढे जात नाही.

7. ऑइल आणि कॉम्प्युटर हेही क्लचचेच भाग.

अस्तर आणि ऑइल मिळून घर्षण ठरते, त्यामुळे क्लच बनवणारा सांगेल तेच ऑइल वापरावे. जुन्या कूलरमध्ये जळक्या प्लेटचा कचरा साचलेला असतो. तो पूर्ण धुवावा, नाहीतर बदलावा. गिअर पडताना कॉम्प्युटर क्षणभर इंजिनाचा जोर कमी करतो. ट्यूनिंग करताना ही सोय काही जण पूर्ण बंद करतात. मी मालकाला हात जोडून सांगतो, थोडी राहू द्या.

म्हणून माझा क्रम पक्का झाला आहे: आधी जळण्याचे कारण, मग प्रेशर, मग स्टील, मग फट, आणि शेवटी अस्तर. खर्चाचे पैसे हातात मोजकेच असतील, तर भारी फ्रिक्शन प्लेटऐवजी नवी सील, नवे स्टील आणि मोठा कूलर घ्या. साधा क्लच नीट बांधलेल्या गिअरबॉक्समध्ये मालकाला वर्षानुवर्षे साथ देतो, आणि ज्याने विश्वासाने गाडी सोपवली त्याला तेवढे देणे हे आपले कर्तव्य आहे.