एस.टी. आणि वडाप

गावच्या फाट्यावर दोन गाड्या येतात. एक लाल एस.टी. आणि दुसरी वडापची जीप. आपण कोणत्या गाडीत बसतो? जी आधी येईल तीत! पण या दोन गाड्यांत फरक काय, तो आज समजून घेऊ.

स्वातंत्र्यापूर्वी गावोगावच्या मोटारी खाजगी मालकांच्या होत्या. गाडी माणसांनी भरली की सुटायची. वेळेचा नेम नसे. मग सरकारने हे काम हाती घेतले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. धावली.

१९९१ नंतर देशाचे धोरण बदलले. सरकारी कामांत खाजगी मालक येऊ लागले. याला खाजगीकरण म्हणतात. त्याचा फायदाही झाला. पूर्वी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. पुष्कळ कंपन्या आल्या, चढाओढ लागली आणि फोन गरिबाच्या खिशात आला. एस.टी.नेही २०१७ पासून 'शिवशाही' नावाच्या गाड्या सुरू केल्या. त्यांतल्या बऱ्याच खाजगी मालकांकडून भाड्याने घेतलेल्या होत्या.

मग चढाओढ सगळीकडे चांगलीच का? जरा विचार करा.

बाजाराच्या दिवशी वडाप गच्च भरते. पण भर पावसात, आडबाजूच्या वाडीवर, दोन माणसांसाठी जीपवाला कशाला जाईल? त्यालाही पोट आहे. एस.टी. मात्र तोटा सोसून जाते. शाळेच्या मुली तिच्यावरच अवलंबून असतात. मोठ्या रस्त्यावरच्या नफ्यातून हा तोटा भरायचा असतो. तिथली माणसे दुसऱ्यानेच नेली, तर तोटा भरायचा कशातून? लोणी एकाने खायचे आणि ताक दुसऱ्याच्या वाट्याला, असे होते. मग वाडीची फेरी बंद पडते. फेरी बंद, की मुलीची शाळा बंद!

म्हाताऱ्या आईला राजारामपुरीतल्या दवाखान्यात न्यायचे आहे. वय ७५ झाले असेल, तर २०२२ पासून एस.टी.त तिला तिकीट नाही. बायकांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. ही सूट सरकार भरून देते. वडापात ती मिळत नाही.

तरी वडापवाल्याला नावे ठेवू नका. २०२१-२२ साली एस.टी.चा मोठा संप झाला. तेव्हा अशाच गाड्यांनी माणसे नेली. भाडे मात्र पुष्कळ ठिकाणी वाढले. दुसरी गाडीच नसेल, तर मागेल ते द्यावे लागते. म्हणून दोन्ही गाड्या हव्यात, आणि दोघांनाही नियम हवा. खाजगी लक्झरी बसला तसा नियम आहे. एस.टी.च्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. हे २०१८ साली सरकारने ठरवले.

एस.टी. आपली म्हणून तिचे दोष झाकू नयेत. गाडी वेळेवर येत नाही? फेरी बंद झाली? नुसते फाट्यावर बडबडून काय उपयोग? ग्रामसभेत ठराव करा. आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. त्यावर तारीख घाला, सही करा, आणि पोच घ्या. आता तुम्हांला लिहिता येते. अंगठ्याचे दिवस गेले!

शब्दांचे अर्थ
वडाप – माणसे भरून नेणारी खाजगी जीप
आगार – एस.टी.चा डेपो
पोच – कागद मिळाल्याची सही

प्रश्न
१. पहिली एस.टी. कोठून कोठे धावली?
२. वाडीची फेरी का बंद पडते?
३. तुमच्या गावाला कोणती फेरी हवी? आगार व्यवस्थापकांना चार ओळींचा अर्ज लिहा.